चोवीस शिपाई, एक कंदील

पांढरा रंग एकच असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ताईच्या शेजारी पाच मिनिटं बसावं. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टरकडून पेशंटच्या जबड्याचा साचा येतो, सोबत चिठ्ठी येते, आणि चिठ्ठीवर सोळा पांढऱ्यांपैकी एका पांढऱ्याचा नंबर असतो. त्या नंबरचा दात ताई घडवते. हिरडीपाशी किंचित पिवळा, पोटाशी दुधाळ, टोकाशी जवळजवळ काचेसारखा. पोर्सेलिनचा एक पातळ थर, मग भट्टी, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. सव्वीस वर्षं हेच चाललंय. तिने केलेले हजारो दात या शहरात हसतायत, खातायत, भांडतायत, आणि ते खोटे आहेत हे घरच्या माणसांनाही ठाऊक नाही.

"माझं काम चांगलं झालं की ते कुणाला दिसत नाही," असं ती सांगते. तक्रारीचा सूर नसतो. आपली उंची सांगावी तसं सांगते.

दिसण्यासाठी म्हणून जे काम ती करते ते संध्याकाळी साडेपाच ते सात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तिथे एक जुनं शिवणाचं टेबल आहे, त्यावर भिंगाचा दिवा, आणि डब्याच्या झाकणात ओला स्पंज. स्पंजवर बेकिंगचा कागद अंथरलेला असतो, म्हणजे त्यावरचा रंग तासन्‌तास सुकत नाही. रंगवायचे असतात शिपाई. अंगठ्याच्या पेराएवढे, प्लास्टिकचे, टेबलावर युद्धाचा खेळ खेळतात त्यातले.

हे वेड तिला तिच्या धाकट्या भावामुळे लागलं. त्याला घरात आणि बाहेर सगळे बाळ्या म्हणतात. बाळ्या सेहेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावर केस मोजून राहिलेत, आणि तो लोकांना मोटार चालवायला शिकवतो. अकरा वर्षांपूर्वी त्याने शिपायांचा पहिला खोका विकत आणला, मोठ्या हौसेने रंगवला आणि ताईला दाखवला.

ताईने एक शिपाई उचलून उजेडात धरला. "हे शिपाई आहेत की चिखलातून काढलेले बटाटे?"

"एवढं आहे तर तूच रंगव."

"आण इकडे."

त्या दिवशी वाटणी झाली ती आजतागायत. रंगवायचं ताईने, खेळायचं बाळ्याने. तिला फाशांतलं काही कळत नाही, त्याला रंगातलं. दोघंही शिकायच्या भानगडीत पडलेले नाहीत, आणि बहुधा म्हणूनच अकरा वर्षांत एकदाही भांडण झालेलं नाही.

खेळ चालतो तो एका स्टेशनरीच्या दुकानामागच्या लांबट खोलीत, दर रविवारी दुपारी. सहा टेबलं, त्यांवर हिरवं कापड, वर ट्यूबलाइट. दुकान ज्यांचं आहे त्या पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. दुकानाच्या दर्शनी बाजूला, दाराला लागून, एक काचेचं कपाट आहे. त्यातला बरोबर डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा बाईंनी राखून ठेवलाय. वर्षातून दोनदा त्या खोलीतली एक सेना निवडतात आणि ती सहा महिने त्या कप्प्यात मांडतात. बक्षीस एवढंच. वह्या-पेनं घ्यायला येणारा प्रत्येक माणूस मात्र त्या कप्प्यासमोरून जातो.

ताईला तो कप्पा हवा होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण चार वेळा तिचं काम शेवटच्या दोघांत आलं होतं आणि चारही वेळा बाई एकच शब्द म्हणाल्या होत्या, "स्वच्छ."

"स्वच्छ!" घरी आल्यावर ताई नवऱ्याला म्हणाली. "भांडी स्वच्छ असतात."

"वाईट तर नाही ना म्हणाल्या?"

"तुम्ही गप्प बसा."

कप्प्यासाठी बाईंची एक अट होती आणि ती अट भिंतीवर लावलेली होती. कप्प्यात जाणारी सेना खेळलेली हवी. निवडीच्या रविवारी ती टेबलावर लढत असली पाहिजे, आणि चार वाजता चहाची घंटा झाली की ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत बाई ती बघणार. काही मंडळी शिपाई कापसात गुंडाळून आणायची, दाखवायची आणि पुन्हा कापसात घालून न्यायची. बाईंना त्याचा वैताग यायचा. "दागिने बघायचे असतील तर मी सोनाराकडे जाईन," असं त्या म्हणायच्या.

गेल्या वर्षी ताईच्या डोक्यात कंदील आला.

पंचवीस जणांची तुकडी. पाच रांगा, रांगेत पाच. मधोमध एक कंदीलवाला, हात डोक्यावर उंच धरून. वेळ अंधाराची. या तुकडीवर दुसरा कुठलाही उजेड नाही, फक्त त्या एका कंदिलाचा. म्हणजे डावीकडच्या शिपायाचा उजवा गाल उजळलेला, उजवीकडच्याचा डावा. मागच्या रांगेच्या छातीवर उजेड, पुढच्या रांगेच्या पाठीवर. चोवीस शिपाई, चोवीस जागा, आणि प्रत्येकाचा उजेड वेगळा.

रंगात दिवा लावता येत नाही, ही यातली पहिली अडचण. रंगाचा पांढरा फार तर कागदाइतका पांढरा होतो, त्याच्या पुढे जात नाही. म्हणून उजेड दाखवायचा तर बाकीचं सगळं खाली उतरवावं लागतं. ताईने आधी पंचवीसच्या पंचवीस शिपाई अंधारात नेले. लाल डगला लाल ठेवला नाही. तो जांभळट तपकिरी केला. कातडी निळसर राखी. काळा रंग तिने वापरलाच नाही. काळ्याने अंधार होत नाही, भोक पडतं, असं तिचं मत आहे.

मग भाले आणि चिलखतं. चकाकणारा रुपेरी रंग बाजारात मिळतो, पण तो खोलीतल्या ट्यूबलाइटने चकाकतो आणि कंदिलाला खोटं पाडतो. म्हणून पोलाद तिने साध्या राखी, तपकिरी आणि पांढऱ्या रंगातून केलं. पात्यावर गडद पट्टा, त्याला लागून एकदम फिकट पट्टा, आणि कडेला केसाएवढी पांढरी रेघ. लांबून पाहिलं तर पोलाद. जवळून पाहिलं तर तीन रंग शेजारी शेजारी बसलेले.

शेवटी कंदिलाचा उजेड. पाण्यात रंग इतका पातळ केलेला की कागदावर डाग पडावा न पडावा. कुंचला बुडवायचा, टिपकागदावर पुसायचा, आणि उरलेल्या ओलसरपणाने कंदिलाच्या दिशेने ओढत न्यायचा, कारण कुंचला जिथे उचलला जातो तिथे रंग साठतो. सुकू द्यायचं आणि पुन्हा तेच करायचं. आधी विटकरी, त्याच्या आत नारिंगी, त्याच्या आत पिवळा, आणि अगदी कंदिलासमोरच्या टोकावर पिवळट पांढरा. एका गालाला नऊ-दहा थर. दातांच्या बाबतीत ती सव्वीस वर्षं हेच करत आली होती. भट्टी तेवढी नव्हती.

कुणावर उजेड कुठे पडेल हे मनाने ठरवायचं नाही, असं तिने पक्कं केलं होतं. एका रविवारी दुपारी तिने न्हाणीघराच्या खिडकीला पुठ्ठा लावला, कोरे शिपाई बादलीवर पाट ठेवून त्यावर मांडले, मधल्याच्या जागी चाव्यांच्या जुडग्याला असतो तसला चिमुकला दिवा उभा केला आणि नवऱ्याला फोटो काढायला लावले.

"आता तिसऱ्या रांगेतला दुसरा," दाराबाहेरून ताई म्हणाली.

"दिसतोय. घामाघूम झालाय."

"शिपाई?"

"मी."

चौदा महिन्यांनी तुकडी पुरी झाली. वरून चमक घालवणारा थर दिला, म्हणजे प्लास्टिकचं तेज मेलं आणि रंगवलेलं तेवढं उरलं. आता प्रत्येकाची जागा ठरलेली. एक इकडचा तिकडे झाला की उजेड बिघडला. म्हणून ताईने तुकडी टेबलावर आपल्यासमोर मांडली, एकेक शिपाई उचलला आणि त्याच्या तळाला बारीक आकडा घातला. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, पुस्तक वाचतो तसं ओळीने. एक ते पंचवीस. कंदीलवाला तेरा. ते बघून नवरा म्हणाला, "चला, आता आंधळ्यालासुद्धा मांडता येईल."

निवडीचा रविवार उजाडला आणि प्रयोगशाळेतून फोन आला. कुणी गायिका होत्या, रात्रीच्या विमानाने निघायच्या होत्या, आणि समोरचे चार दात दुपारपर्यंत हवे होते. ताईने शिपायांचा डबा बाळ्याच्या हवाली केला.

"खाली आकडे आहेत. त्या क्रमाने मांड. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून."

"ताई, एक ते पंचवीस मोजता येतात मला."

"येतात ना? मागे तू तीन वेळा दहावीला..."

"दोन वेळा. आणि गणितात नाही, इतिहासात."

गायिकेचे दात अडीचला झाले. ताई खोलीत पोचली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सहाही टेबलांवर लढाया रंगात आलेल्या. बाळ्याच्या समोर केमिस्ट होता. केमिस्ट आणि बाळ्या शाळेपासूनचे मित्र, आणि गेल्या सात लढाया केमिस्टनेच जिंकलेल्या. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात हयात गेल्यामुळे त्याचं स्वतःचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि खोलीचे सगळे नियम त्याच अक्षरात भिंतीवर होते. त्यातला चौथा नियम त्याने स्वतः सुचवलेला होता. डाव मांडून झाला की शिपायाला हात लावायचा तो खेळातल्या चालीपुरताच. नीटनेटकं करणं, पुसणं, जागा बदलणं बंद.

ताई केमिस्टच्या बाजूने टेबलाशी आली आणि थबकली.

कंदील विझलेला होता.

म्हणजे रंगवलेला पिवळा कंदील जागच्या जागी होता, मधोमध, हात उंच धरून. पण त्याच्या भोवतीचे शिपाई त्याच्याकडच्या बाजूने काळेठिक्कर होते, आणि बाहेरच्या बाजूने लख्ख. पुढच्या रांगेच्या तोंडावर झळाळी, कडेच्यांच्या बाहेरच्या गालांवर झळाळी. जणू चारी दिशांनी गावात दिवाबत्ती झालीय आणि यांच्यामधोमध एकाने अंधार हातात धरलाय.

तिने आधी ट्यूबलाइटकडे पाहिलं. मग टेबलाला वळसा घालून बाळ्याच्या मागे आली.

"बाळ्या, आकडे बघून मांडलेस?"

"मग काय गाणं म्हणून मांडले? हा एक." त्याने समोरच्या, शत्रूकडच्या रांगेतल्या डाव्या टोकाच्या शिपायाकडे बोट दाखवलं. "वरचा डावा कोपरा. मग दोन, तीन, चार, पाच. आणि ऐक, आज चांगलं चाललंय हं. त्याची डावी बाजू मी पार अडकवलीय. केमिस्टसाहेब आज गोळ्या घेणार."

ताईच्या लक्षात आलं. अकरा वर्षांत तिने एकही शिपाई पाठीमागून बघितला नव्हता. म्हणजे पाठ रंगवली होती, पण तुकडी टेबलावर मांडायची ती तोंडं स्वतःकडे करून. तिचा वरचा डावा कोपरा म्हणजे शेवटची रांग. बाळ्याने अकरा वर्षांत कधी त्यांची तोंडं बघितली नव्हती. खेळणारा आपल्या सेनेच्या मागे उभा असतो. त्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे पहिली रांग, आणि तीही दुसऱ्या टोकाची. सगळी तुकडी उलटी फिरली होती. एक जिथे हवा तिथे पंचवीस, दोन जिथे हवा तिथे चोवीस. फक्त तेरा नंबर दोन्हीकडून मोजला तरी मधलाच. म्हणून कुणाला संशयही आला नाही.

तिने हे बाळ्याच्या कानात सांगितलं. बाळ्याचा चेहरा उतरला.

"आता?"

"आता काय. चौदा महिने." ती हळू आवाजात म्हणाली. "राहू दे. तू खेळ."

"काय कुजबुज चाललीय?" केमिस्टने समोरून विचारलं. "ताई, सल्ला द्यायचा नाही हं. नियम सहा."

"मला त्यातलं कळतंय होय?" ताई म्हणाली.

"म्हणून तर भीती वाटते."

पावणेचार वाजत आले होते. दुसऱ्या टेबलावर, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याचे गंजलेले लोखंडी राक्षस उभे होते. गंज इतका हुबेहूब की हात लावला तर बोटाला लागेल असं वाटावं. कप्पा त्याला जाणार, हे ताईने मनाशी मान्य करून टाकलं. खरोखर चांगला गंज होता. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

बाळ्या मात्र शिपायांकडे बघत उभा होता. शिकाऊ माणूस गाडी भिंतीला लावून 'आता काय' म्हणतो तेव्हा बाळ्या असाच उभा राहतो. मग तो वाकला.

"ताई, हा कडेचा. याच्या बाहेरच्या गालावर उजेड आहे. बरोबर?"

"बरोबर."

"हा जागच्या जागी वळला तर? तोंड इकडे, पाठ तिकडे?"

ताईने दोन्ही हातांचे अंगठे टेबलाखाली उभे केले. अंगठा म्हणजे शिपाई, नख म्हणजे तोंड. मधे कंदील आहे असं धरलं. डावा अंगठा वळवला; बाहेरची बाजू आत आली. उजवा वळवला, तीही आत आली. मग एक अंगठा पुढे धरला, समोरच्या रांगेसारखा. त्याच्या तोंडावरचा उजेड बाहेर, शत्रूकडे. वळवला, तोंड कंदिलाकडे. तिने पुन्हा एकदा सगळं करून बघितलं. दातांच्या साच्यात डावं-उजवं उलटं बघायची तिला सवय होती. चूक होणं शक्य नव्हतं.

"जमतं," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे जमतात."

"तशी चाल आहे. 'मागे फीर.' प्रत्येकाने जागा न सोडता वळायचं. पाळी त्यातच जाते, आणि एक पाऊलही पुढे टाकता येत नाही."

"आणि मग शत्रू?"

"मग शत्रू पाठीत बसतो. पाठीवर हल्ला झाला की आपल्याला निम्मेच फासे."

ताई उठून उभी राहिली. "नको. सात वेळा हरलायस. आज जिंकतोयस तर जिंक."

"सात वेळा हरलोय ना? मग आठव्यांदा हरलो तर काय आभाळ कोसळणार?" बाळ्याने घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाला, "कंदीलवाली तुकडी, मागे फीर."

केमिस्टने फासे खाली ठेवले. "काय?"

"मागे फीर. पान बावीस."

"पान मला माहितीय. तू माझ्या घोडेस्वारांना पाठ दाखवतोयस?"

"चाल नियमात बसते की नाही?"

"बसते. पण का?"

"मर्जी."

बाळ्या एकेक शिपाई दोन बोटांनी जागच्या जागी वळवू लागला. दहा-बारा शिपाई वळले तसं ताईने बघायचं सोडून दिलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. पंचविसावा वळल्याचा आवाज, प्लास्टिक टेबलावर टेकल्याचा, ऐकला आणि मगच मान वळवली.

कंदील लागला होता.

आता केमिस्टची पाळी. घोडेस्वार समोर, शत्रूची पाठ उघडी, अंतर एका वितीचं. नवशिक्याने डोळे मिटून झडप घातली असती. पण केमिस्ट नवशिका नव्हता आणि बाळ्याला तो पस्तीस वर्षं ओळखत होता. शाळेत याच बाळ्याने त्याला रिकामा डबा अदलाबदलीत दिला होता, आणि दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याने नियमांची वही उघडली. पान बावीस वाचलं, तेवीस वाचलं. वाकून टेबलाच्या कडेला असलेल्या प्लास्टिकच्या झाडीत कुणी लपलंय का बघितलं.

"तू काहीतरी शिजवतोयस," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघून सांग, मी कधी काही शिजवलंय?" बाळ्या म्हणाला. "बायकोला विचार."

केमिस्टने तीन मिनिटं विचार केला. मग घोडेस्वार झडप घालायच्या ऐवजी दोन विती मागे घेतले, झाडीपासून लांब. तेवढ्यात चहाची घंटा झाली.

बाई चष्मा गळ्यात अडकवून निघाल्या. पहिलं टेबल, दुसरं टेबल. गंजलेल्या राक्षसांपाशी त्या बऱ्याच वेळ थांबल्या आणि चष्मेवाल्याला म्हणाल्या, "छत्रीच्या काड्या आठवल्या मला." चष्मेवाला खूष झाला. ताईने चहाचा कप हातात घेतला होता, तो तिने प्यायला नाही.

मग बाई बाळ्याच्या बाजूला आल्या. शिपायांची तोंडं आता तिकडेच होती.

बाई डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे. टेबलाला पूर्ण फेरी घातली. मग ट्यूबलाइट आणि शिपाई यांच्यामध्ये त्यांनी आपला पंजा धरला. पंजाची सावली तुकडीवर पडली. सगळं मंद झालं, पण गालांवरचा उजेड जिथल्या तिथे राहिला. त्यांनी पंजा काढला आणि पुन्हा धरला.

"हे शत्रूकडे पाठ करून का उभे आहेत?" त्यांनी विचारलं.

"वाट चुकलेत बाई," बाळ्या म्हणाला. "अंधार आहे ना."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, खूप खाली वाकल्या आणि एका शिपायाकडे करंगळी केली. "हा बघ गं. दुसऱ्या रांगेतला, कडेचा. याच्या आणि कंदिलाच्या मधे हा धिप्पाड उभा आहे. मग याच्या गुडघ्यावर उजेड कसा?"

ताईने पाहिलं. धिप्पाडाची ढाल खाली जमिनीपर्यंत होती. न्हाणीघरातल्या फोटोंत ती ढाल नव्हती. ती नंतर चिकटवली होती.

"चुकलं," ती म्हणाली. "गुडघा अंधारात हवा."

"हं." बाई सरळ झाल्या. त्यांना कंबरेवर हात ठेवावा लागला. "बाकी तेवीस जणांचे गुडघे मी तपासले. बरोबर आहेत." आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

चहाचे कप गोळा झाल्यावर बाईंनी फळ्यावर निकाल लिहिला. कंदील. शेजारी कंसात गुडघा. चष्मेवाला उठून आला आणि ताईला म्हणाला, "तो पिवळा कसा केलात ते सांगा, मी गंज सांगतो." दोघं खिडकीशी जाऊन बसले.

केमिस्टला तोवर बाळ्यानेच सगळी हकिगत सांगितली होती. तो कमरेवर हात ठेवून बाळ्यासमोर उभा राहिला.

"म्हणजे झाडीत कुणी नव्हतं?"

"कुणी नव्हतं."

"फक्त उजेडासाठी पाठ दाखवलीस?"

"हो."

"अरे गाढवा, आधी बोलला असतास तर मी स्वतः म्हटलं असतं, घे बदलून जागा."

"म्हटलं असतंस?"

केमिस्टने भिंतीवरच्या स्वतःच्या अक्षराकडे पाहिलं. "नसतं म्हटलं," तो म्हणाला. "चल, पाळी तुझी."

बाळ्याने कंदील पुन्हा विझवला नाही, तुकडी तशीच ठेवून दुसरीकडे चाल केली. मग घोडेस्वार आले, ते दुडक्या चालीने नाही. पाठीवर हल्ला, निम्मे फासे, आणि बाळ्याचे निम्मे फासेही नेहमीप्रमाणे एक आणि दोनच दाखवत होते. कंदीलवाली तुकडी वीस मिनिटांत उधळली. मेलेला शिपाई टेबलावरून उचलायचा असतो. बाळ्या उचलत होता आणि ताईच्या हातात देत होता, आणि ती गंजाबद्दल ऐकता ऐकता एकेक डब्यात ठेवत होती.

"आठ," केमिस्ट म्हणाला.

"मोजत बस," बाळ्या म्हणाला. "औषध दे आता काहीतरी."

सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी ताईने त्या गुडघ्यावर जांभळट तपकिरीचे तीन पातळ थर दिले. संध्याकाळी दुकानात गेली आणि तुकडी स्वतः मांडली, तोंडं रस्त्याकडे करून. बाईंनी कप्पा पुसून ठेवला होता. त्यांनी वाकून गुडघा शोधला, तो त्यांना लवकर सापडला नाही, आणि त्या 'बरं' म्हणून गल्ल्याकडे गेल्या.

ताई निघणार इतक्यात एक काकू मुलांच्या वह्यांची यादी हातात घेऊन आल्या. कपाटासमोरून जाताना थांबल्या, काचेला कपाळ लावलं, दोन्ही तळहातांनी बाजूचा उजेड अडवला. मग कपाटाच्या मागे डोकावल्या.

"याची वायर कुठून नेलीय हो?" त्यांनी विचारलं.

"वही कुठली देऊ?" बाई गल्ल्यावरून म्हणाल्या. "रेघी की कोरी?"